टिटवीबाईंचा शंभर टक्के वर्ग

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसू नका. जंगलात राजा असतो म्हटलं की तुम्ही मुकाट ऐकता, प्रधान असतो म्हटलं तरी ऐकता, मग कॉलेजलाच का हसता? होतं म्हणजे होतं. करंजाच्या झाडाखाली होतं. त्याला फाटक होतं, फाटकावर बोधवाक्य होतं, आणि ते कुणालाच वाचता येत नव्हतं. म्हणजे अगदी खरं कॉलेज होतं.

तिथं विषय पुष्कळ होते. चरणं होतं, लपणं होतं, पावसाळ्यात कोरडं राहणं होतं. पण सगळ्यांना सक्तीचा विषय एकच. ओरडणं.

बाळांनो, तुम्ही पडलात घरातली. तुम्हाला ओरडणं म्हणजे खोडी वाटते. जंगलात तसं नसतं. बिबट्या गवतातून येतो तेव्हा पानसुद्धा वाजत नाही. तो ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी पळायचं. आपण ओरडलो तर तो आपल्याकडे बघणार, हे माहीत असून ओरडायचं. एवढाच सगळा अभ्यासक्रम. तो तीन वर्षं चालायचा, कारण पदवी तीन वर्षांची होती.

हा विषय शिकवायला टिटवीबाई होत्या. पिवळे लांब पाय, डोळ्यांजवळ लाल कातडं, आणि आवाज असा की दोन टेकड्यांपलीकडचा बिबट्यासुद्धा वाट बदलायचा. बाई हुशार होत्या, म्हणून अकरा वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. तासिका तत्त्व म्हणजे काय ते मोठं झाल्यावर कळेल, आणि कळलं की मोठं झाल्याचा पश्चात्ताप होईल. थोडक्यात सांगतो. तास चालू असेपर्यंत शिक्षिका, घंटा झाली की नुसती टिटवी.

आता टिटवीची एक अडचण असते. ती घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालते. टिटवीबाई दर वर्षी नदीच्या पात्रात चार अंडी घालायच्या, आणि दर वर्षी रानम्हशींचा कळप पाण्यावर यायचा. म्हशी वाईट नव्हत्या. त्या खाली बघत नव्हत्या, इतकंच. अकरा वर्षांत बाईंचं एकही पिल्लू उडालं नव्हतं.

कॉलेजमागे मात्र कायम शिक्षकांसाठी क्वार्टर होतं. खडे अंथरलेलं अंगण आणि चारी बाजूंनी बोरीच्या काट्यांचं कुंपण. म्हैस काय, उंदीर आत शिरणार नाही. कायम झालेल्यालाच ते मिळायचं. बाईंना दुसरं काही नको होतं. मान नको, हार नको, शाल तर त्यांच्या अंगावर बसलीच नसती. ते अंगण हवं होतं. आणि यंदाची चार अंडी पात्रात पडून होती.

वर्ग तीस जणांचा. ससे, भेकरं, चितळं, वानरं. घरी ही सगळी इतकी बडबडायची की आईबाप कंटाळून त्यांना कॉलेजात घालायचे. कॉलेजात आली की मुकी.

बाई विचारायच्या, “कळलं का?”

तीस माना हलायच्या.

“कुणाला काही शंका?”

तीस माना खाली. जणू शंका जमिनीवर सांडलीय आणि सगळे मिळून शोधताहेत.

कारण साधं होतं. चितळांची पोरं विचारायची नाहीत, कारण पुढच्या ओळीतल्या चितळी हसतील. चितळी विचारायच्या नाहीत, कारण मागून वानरं आवाज काढतील. आणि वानरं विचारायची नाहीत, कारण विचारायला आधी ऐकावं लागतं.

पण घंटा झाली की गंमत व्हायची. कुंपणापलीकडे एक उंबर होता. बाई नदीकडे निघाल्या की एकेक जण चोरट्या पायांनी उंबराखाली यायचा.

“बाई, एक विचारू का? कुणाला सांगू नका.”

चंद्री नावाची एक भेकर पोरगी तर रोज यायची. वर्गात ती बाकाखाली बसल्यासारखी बसायची. उंबराखाली तिला तोंड फुटायचं.

“बाई, वारा उलटा असेल तर वास येत नाही. मग कसं ओळखायचं?”

“पाखरांकडे बघायचं. ती गप्प झाली की समजायचं.”

“आणि पाखरं आधीच गप्प असली तर?”

“तर तू ओरडायचं आणि मग बघायचं. चूक झाली तर हसतील. हसू दे. हसायला जिवंत तर असतील.”

मग चंद्री मान ताणून ओरडून दाखवायची. भेकराचं ओरडणं तुम्ही ऐकलं नसेल. एवढंसं जनावर आणि भुंकतं कुत्र्यासारखं. बाई खूश व्हायच्या. अर्धा अभ्यासक्रम असा उंबराखाली व्हायचा. त्याची नोंद कुठंच नव्हती, कारण घंटा झालेली असायची आणि बाई तेव्हा नुसती टिटवी असायच्या.

एके दिवशी प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. प्राचार्य होता गवा. तो प्राचार्य कसा झाला याची एक कथा आहे, पण ती फार लहान आहे. तो एकदा खुर्चीत बसला आणि मग निघेना.

“टिटवीबाई,” गवा म्हणाला, “पंधरवड्यानं मूल्यमापन समिती येतेय. तुमच्या वर्गाचा सहभाग किती?”

“कशातला, सर?”

“कशातला ते नंतर बघू. किती ते सांगा.”

“वर्गात बोलत नाहीत सर पोरं. पण तास संपला की उंबराखाली येऊन सगळं विचारतात.”

“उंबर आपल्या आवारात येतो का?”

“नाही सर. कुंपणापलीकडे आहे.”

“मग तो सहभाग उंबराचा. आपला नाही.” गव्यानं रवंथ थांबवून फार मोठा विचार केला. “हे बघा बाई. समितीला त्या दिवशी शंभर टक्के सहभाग दिसला, तर तुमची फाईल मी स्वतःच्या शिंगावर घेऊन वर जातो. कायम. क्वार्टर. काट्याचं कुंपण.”

बाईंना डोळ्यांपुढे ते अंगण दिसलं. त्यांनी मान हलवली. हो, अगदी वर्गातली पोरं हलवतात तशीच.

दुसऱ्याच दिवशी एक खोकड आलं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ. दिसायला बारीक, पण पोट त्याच मापाचं. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात ओळखपत्र. त्यानं पोतडीतून तीस चकचकीत पाट्या काढल्या आणि एक मोठी पाटी भिंतीला टांगली.

“हिचं नाव बोलकी पाटी. प्रत्येकाला एक. वर चार बटणं. तुम्ही प्रश्न टाकायचा, पोरानं बटण दाबायचं. लाजाळू असेल तर नाव दिसत नाही. दाबलं की मोठ्या पाटीवर रेघ वर जाते. रेघ वर म्हणजे सहभाग वर.”

“आणि बोलायचं कधी?” बाईंनी विचारलं.

“बाई, पोरं बोलत नाहीत हीच अडचण ना? मग बोलायची गरजच काढून टाकली.”

“पण आमचा विषय ओरडण्याचा आहे.”

खोकडानं चष्मा पुसला. असं करायला त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. “तुम्ही हे फार जुन्या पद्धतीनं घेताय. ओरडणं म्हणजे शेवटी काय? माहिती पोचवणं. पाटी पोचवते. घशाला त्रास कशाला? आणि हो, वर्गात तोंडानं आवाज झाला की पाटी गडबडते. म्हणून आवाजाला उणे पाच गुण.”

“दुसरीकडे कुठं लावलीय का ही?”

“लावलीय तर. शेजारच्या जंगलात, बेडकांच्या कॉलेजात. सबंध पावसाळाभर एक डरावही नाही.”

“मग बेडकांचं पुढं काय झालं?”

“ते सांगायला कुणी भेटलं नाही. पण अहवाल उत्तम आला.”

गव्याला हे फार आवडलं. त्यानं सगळ्या शिक्षकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण लावलं. पहिल्या दिवशी उद्घाटन झालं, तिसऱ्या दिवशी समारोप झाला, मधला दिवस कुठं गेला ते कुणालाच आठवत नाही. प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली. घुबड सर तीनही दिवस झोपले होते, त्यांना विशेष प्रमाणपत्र मिळालं.

आता खोटं कशाला बोलू? पहिले चार दिवस पाटी बरी चालली. पाटीवरचं एक बटण होतं ‘कळलं नाही’. बाईंनी वाऱ्याचा धडा शिकवला आणि म्हणाल्या, “दाबा.” कुणाचं नाव दिसणार नव्हतं. चंद्रीनं घाबरत घाबरत ‘कळलं नाही’ दाबलं. आणि मोठ्या पाटीवर लाल रेघ चढली ती थेट छताला टेकली. तीसपैकी सव्वीस जणांना कळलेलं नव्हतं. सव्वीस जण इतके दिवस मान हलवत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ढ आपण एकटेच.

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी धडा पहिल्यापासून शिकवला. त्या दिवशी वर्गात पोरं एकमेकांकडे बघून हसली. बाई मनात म्हणाल्या, पाटी वाईट नाही.

हीच वेळ होती हो गोष्ट संपवायची. पण गवा फेरीवर निघाला होता. त्यानं दारातून ती लाल रेघ पाहिली.

“हे काय?”

“सर, कितीजणांना कळलं नाही ते दिसतंय.”

“ते मला दिसतंय. ते समितीला दिसलं तर?”

खोकडाला परत बोलावलं. त्यानं अर्ध्या तासात बटणं बदलली. नवी बटणं अशी होती. ‘कळलं’. ‘छान कळलं’. ‘फारच छान कळलं’. ‘हे मला आधीपासूनच माहीत होतं’.

त्या दिवसापासून कॉलेजात न कळणं बंद झालं.

शिवाय खोकडानं चांदण्या आणल्या. बटण दाबलं की पाटीवर एक चांदणी उगवायची. पन्नास चांदण्या झाल्या की ‘सहभागरत्न’. याचं वेड सगळ्यात जास्त लागलं गुणाजी सशाला. गुणाजी पहिल्या बाकावरचा. त्याला गुण मिळत असतील तर तो गाजर सोडून काटे खाईल असा. तो प्रश्न वाचायचाच नाही, वाचण्यात वेळ जायचा. प्रश्न उगवला की पंजा बटणावर. बाईंनी एकदा पाटीवर नुसतं ‘आज सोमवार आहे’ असं लिहिलं, तर यानं ‘फारच छान कळलं’ दाबून चांदणी घेतली.

दुसरा होता झिपऱ्या वानर. त्याला पाटी एका दिवसात समजली, जी प्राचार्यांना शेवटपर्यंत समजली नाही. वानराला दोन हात, दोन पाय, एक शेपूट. पाच पाट्या एकटा चालवायचा. मागच्या ओळीतली पोरं पाट्या त्याच्या अंगावर लटकवायची आणि बोरं खायला जायची. त्याचं बघून आणखी चार वानरं या धंद्याला लागली. बोरांचा हंगाम जोरात आला तेव्हा वर्गात पाच वानरं आणि गुणाजी असे सहा जण होते. सहभाग सत्त्याऐंशी टक्के.

उंबराखाली मात्र शुकशुकाट. तिथं विचारलं तर चांदणी कोण देणार?

एक दिवस चंद्री तेवढी आली. तिच्याबरोबर गुणाजीही आला, पण दोन पावलं मागं राहिला.

“बाई, मला काहीतरी झालंय,” चंद्री म्हणाली. आवाज असा की वाळलं पान घासावं. “काल काठावर काहीतरी हललं. मी ओरडायला गेले तर ओरडणं आलंच नाही.”

“आता ओरड बघू.”

चंद्रीनं मान ताणली, तोंड उघडलं. फुस्स झालं.

बाई गुणाजीला म्हणाल्या, “तू ओरड.”

“याला चांदण्या आहेत का, बाई?”

“नाहीत.”

“मग परीक्षेत येणार आहे का?”

“बिबट्या येणार आहे, बाळ.”

“तो पर्याय कितवा असेल?”

बाई त्याच पावली गव्याकडे गेल्या. “सर, पोरांचे आवाज बसलेत. ओरडताच येत नाहीये कुणाला.”

“म्हणजे शिस्त लागली,” गवा म्हणाला. “बाई, चार दिवसांवर समिती आली. आता खोडा घालू नका. क्वार्टरची किल्ली मी वेगळी काढून ठेवलीय.”

काट्याच्या कुंपणाला किल्ली कसली, हे बाईंना विचारता आलं असतं. पण त्या निघाल्या. नदीवर गेल्या आणि चार अंड्यांवर बसल्या. तुम्ही म्हणाल बाई भित्र्या. तुमची चार अंडी म्हशींच्या वाटेवर ठेवा आणि मग बोला.

समिती आली. तिचे सचिव होते तरस. आणि अध्यक्ष कोण होते? बिबट्या.

आता असं दचकू नका. तज्ज्ञ समिती होती ती. ओरडण्याच्या विषयातला तज्ज्ञ आणखी कोण असणार? सगळ्या जंगलात त्याच्याइतकं ओरडणं कुणी ऐकलंय? नियमात अगदी बसत होतं. गव्यानं हार घातला. हार घालताना तो थोडा लांबच उभा राहिला, पण तो आदरानं, असं त्यानं नंतर सांगितलं.

त्या दिवशी तीसच्या तीस पोरं वर्गात होती. प्राचार्यांची ताकीदच होती, की आज प्रत्येकानं आपापली पाटी आपापल्या पंजानं दाबायची. पोरं बाकावर, पाट्या मांडीवर, नजरा पाट्यांत.

बिबट्या दारात उभा राहिला. त्यानं कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“प्राचार्य, मी पुष्कळ वर्ग पाहिले,” तो म्हणाला. “पण मी दारात येईपर्यंत वर्ग भरलेला असायचा आणि दारात आलो की रिकामा व्हायचा. बसून राहिलेला वर्ग मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.”

“सगळं पाटीमुळे, सर,” गवा म्हणाला.

“प्रात्यक्षिक बघू. मी गवतातून येतो. वर्गानं इशारा द्यावा.”

टिटवीबाई पुढे झाल्या. “सर, हे प्रात्यक्षिकापुरतंच ना?”

“बाईंचा समितीवर विश्वास नाही वाटतं?” तरस म्हणालं आणि हसलं. तरस हसलं की कुणाला तरी वाईट वाटतंच.

“आहे, आहे,” गव्यानं घाईनं सांगितलं आणि बाईंकडे असं बघितलं की काट्याचं कुंपण हातभर लांब सरकलं.

बिबट्या बाहेर गेला. गवत हललं नाही, पान वाजलं नाही. तो वर्गात आला. मोठ्या पाटीवर प्रश्न उगवला.

‘वर्गात आत्ता कोण आलं? अ) बिबट्या. ब) बिबट्या सर. क) माननीय अध्यक्ष. ड) वरील सर्व. वेळ तीस सेकंद. लगेच दुसरा प्रश्न.’

पंजे पडले. हिरवी रेघ सरसर चढली. शंभर टक्के. कुणी तोंड उघडलं नाही, कुणी मान वर केली नाही. मान वर करायची काय गरज? उत्तर पाटीवरच होतं.

“वा,” बिबट्या म्हणाला. तो बाकांमधून फिरू लागला. एकेकाजवळ थांबायचा, वाकायचा, पाटी बघायचा. पाटी बघताना मानेचा वास घ्यायचा. “तुझं नाव काय? छान. वजन बरं आहे. तुझं? छान.”

पहिल्या बाकापाशी येऊन तो बसला. म्हणजे पुढचे पाय दुमडून बसला. चंद्रीनं एवढं पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि फुस्स केलं.

टिटवीबाईंनी त्याच्या शेपटीचं टोक पाहिलं. ते हलत होतं. बिबट्या झेप घेण्याआधी नेमकं तेवढंच टोक हलतं, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यात आहे. बाईंनी तो धडा अकरा वर्षं शिकवला होता. त्यांनी पाटीकडे पाहिलं. शंभर टक्के होते. अजून पाच मिनिटं गप्प बसलं की झालं. चार अंडी, खड्यांचं अंगण, चारी बाजूंनी काटे.

आणि बाई ओरडल्या.

कशा ओरडल्या ते लिहिता येत नाही. करंजाच्या शेंगा खाली पडल्या. गवा पहिल्यांदाच खुर्ची विसरून पळाला. मोठ्या पाटीवर लाल अक्षरं आली, ‘गोंगाट. उणे पाच.’

पोरांनी आधी ती अक्षरं वाचली. काय करणार, सवय. मग चंद्रीनं पाटी टाकली आणि खिडकीतून उडी मारली. तिच्यामागून सगळा वर्ग. झिपऱ्या करंजाच्या शेंड्यावर दिसला. एका दमात एकोणतीस जण पसार.

राहिला गुणाजी. तो पहिल्या बाकावर तसाच बसून होता.

“बाळ, तू नाही गेलास?” बिबट्यानं विचारलं.

“सर, दुसरा प्रश्न यायचाय. एकोणपन्नास झाल्यात. एकच चांदणी राहिलीय.”

“गुणाजी, पळ,” बाई वरून ओरडत होत्या. “अरे पळ, माझ्या राजा.”

“बाई, उणे पाच होतील हो,” गुणाजी वैतागून म्हणाला.

“बाई, वर्गात व्यत्यय नको,” बिबट्या म्हणाला. “दाब बाळ. सावकाश दाब. मला घाई नाही.”

प्रश्न आला. गुणाजीनं दाबलं. पन्नासावी चांदणी उगवली. उत्तर बरोबरही होतं म्हणतात.

पुढचं तुम्हाला सांगत नाही, तुम्ही लहान आहात. तरसानं इतिवृत्तात ‘यानंतर अल्पोपाहार झाला’ असं लिहिलं आहे.

अहवाल आठवड्यात आला. ‘तास संपताना उपस्थित विद्यार्थी एक. सहभागी विद्यार्थी एक. सहभाग शंभर टक्के.’ कॉलेजला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. गव्यानं फाटकावर मोठा फलक लावला. गुणाजीला मरणोत्तर सहभागरत्न जाहीर झालं. त्याच्या आईला व्यासपीठावर बोलावून ती पाटी भेट दिली. तिनं ती उलटी धरली होती. तसाच फोटो काढला.

टिटवीबाई प्राचार्यांकडे गेल्या.

“सर, शंभर टक्के झाले.”

“झाले ना. पाटीमुळे झाले. तुमच्यामुळे एकोणतीस पोरं तासातून उठून गेली.”

“ती जिवंत आहेत, सर.”

गव्यानं अहवाल दोनदा उलटापालटा केला. “असा रकाना इथं नाहीये,” तो म्हणाला. “आणि हे वाचा. वर्गात तोंडानं आवाज करणारी व्यक्ती एकच आढळली, ती म्हणजे शिक्षिका. आता मी फाईल कुठल्या तोंडानं वर नेऊ? उद्यापासून येऊ नका.”

क्वार्टर पाट्यांना दिलं. पावसात भिजतात म्हणून.

बाई पात्रात गेल्या. चारच दिवसांत म्हशी आल्या. बाई ओरडून थकल्या, पण म्हशींना टिटवीची सवय होती. तेवढ्यात काठावरून कुणीतरी भुंकलं. घोगरं, फाटकं, मध्येच तुटणारं. चंद्री होती. तिच्यामागून आणखी दोघं ओरडली. म्हशी बिचकल्या आणि वळल्या. वळता वळता दोन अंडी गेली, दोन राहिली.

तुम्ही आता रुमाल काढाल, म्हणून सांगून टाकतो. एकोणतीसपैकी तिघंच आली होती. बाकीचे सव्वीस जण त्या वेळी कॉलेजच्या फाटकात रांगेत उभे होते. त्या तासाची गैरहजेरी माफ करून घ्यायचा अर्ज होता, आणि अर्जाची शेवटची तारीख होती.

राहिलेल्या दोन अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. पात्रावर त्यांचा आवाज ऐकू येतो. कॉलेजनं त्याविरुद्ध तक्रार केलेली आहे.

बाईंच्या जागी कुणाला घ्यावं यावर फार चर्चा झाली नाही. अध्यक्षांनीच मोठ्या मनानं होकार दिला. ते आता अतिथी प्राध्यापक आहेत. रोज एक तास घेतात, तोही उपाशीपोटी. तास संपला की तरस मोठी पाटी बघून आकडा लिहून घेतं. परवाच्या तासाला वर्गात अकरा होते, कालच्या तासाला दहा. सहभाग परवा शंभर टक्के होता, कालही शंभर टक्केच भरला.

तात्पर्य : मुलांनो, वर्गात बिबट्या आला तर ओरडू नये, पळू नये, बटण दाबावं. ओरडणारीची नोकरी जाते, पळणाऱ्याची हजेरी जाते. बसून राहणाऱ्याचं एक सोडून काहीच जात नाही, आणि त्याला अहवालात रकाना नाही.